लिस्बनच्या ताश्कात फादो ऐकायचा तर

फादो हा पोर्तुगालचा, तारवाद्यांच्या साथीनं गायचा जुना गानप्रकार. लिस्बनमध्ये तो ऐकायच्या दोन तऱ्हा आहेत. एक 'काझा द फादुश', म्हणजे फादोघर. तिथं आरक्षण करायचं, पूर्ण जेवण घ्यायचं, पगारी कलाकार ऐकायचे आणि माणशी पन्नास युरोच्या पुढचं बिल चुकतं करायचं. दुसरी तऱ्हा गल्लीतल्या ताश्कामधली. ताश्का म्हणजे खानावळ आणि गुत्ता यांच्या अधलंमधलं काहीतरी: सहा-आठ टेबलं, कागदी टेबलक्लॉथ, भिंतभर जुने फोटो, मोसम असेल तर फळ्यावर खडूनं लिहिलेला मासा. इथं गाणारा दिवसा गाडी चालवणारा असू शकतो, गाणारी समोरच्या इमारतीतली आजी असू शकते. या हौशी गाण्याला 'फादो वादियो' म्हणतात. वादियो म्हणजे भटका, उनाड. पुढचं सगळं या उनाड फादोबद्दल आहे.

हे 'उनाड' विशेषण उगाच चिकटलेलं नाही. 1926 मध्ये पोर्तुगालात लष्करी राजवट आली आणि 1927 च्या हुकुमानं फादो गाणाऱ्यांना व्यावसायिक परवाना घ्यावा लागू लागला. गाण्याचे शब्द आधी सेन्सॉरकडून तपासून घ्यायचे. म्हणजे एकीकडे परवानावाले, आणि दुसरीकडे शेजारीपाजारी जमून गाणारे.

जायच्या आधी

दुपार मोकळी असेल तर आल्फामा या जुन्या मोहल्ल्यातलं फादो संग्रहालय बघून घ्या. लार्गो दु शाफारीझ द देंत्रो या चौकात, जुन्या पाणी-उपसा केंद्राच्या इमारतीत ते 1998 पासून आहे. सोमवारी बंद असतं. तिथं हेडफोन लावून जुनी मुद्रणं ऐकता येतात. त्यातही तीन चाली शोधून ऐका: फादो मेनोर, फादो कोरिदो आणि फादो मोरारीया. मेनोर संथ आणि मायनरमधला (उदास छटेच्या पाश्चात्त्य स्वरांतला), कोरिदो पळता आणि मेजरमधला (उजळ छटेचा), मोरारीया मधल्या लयीचा, तोही मेजरमधला. रात्री ताश्कात बसल्यावर या तिन्हींपैकी एखादी भेटण्याची शक्यता दाट असते, आणि ओळखीची चाल भेटली की शब्द न कळण्याचं ओझं निम्मं होतं.

गोव्याच्या वाटेनं जाणाऱ्यांना तर पणजीतच कान तयार करता येतात. तिथं 'माद्रागोआ' या छोट्या बैठकीच्या जागेत फादो आणि कोंकणी मांडो दोन्ही ऐकवतात, आणि सोनिया शिरसाट यांच्यासारख्या गोमंतकीय गायिका फादो गातात. मात्र त्या ठरलेल्या मैफली. ताश्कातला गोंधळ आणि शांतता यांची अदलाबदल तिथं अनुभवायला मिळणार नाही.

कुठं जायचं

मोहल्ल्यांची नावं पाच लक्षात ठेवा: आल्फामा, मोरारीया, ग्रासा, बाइरो आल्तो, मद्रागोआ. आल्फामासाठी मेट्रोच्या निळ्या मार्गावर सांता आपोलोनियाला उतरा. मोरारीयासाठी हिरव्या मार्गावर मार्तीं मोनीझ. बाइरो आल्तोसाठी बाइशा-शियादो, आणि मग चढ. मार्तीं मोनीझच्या आसपास भारतीय-बांगलादेशी-नेपाळी दुकानांची दाटी आहे, मसाल्यांचे वास ओळखीचे येतील. त्या दाटीतूनच आत रुआ दु कापेलांव् नावाची गल्ली निघते. फादोची पहिली नामवंत गायिका मारीया सेवेरा (1820–1846) याच गल्लीची. गल्लीच्या तोंडाशी दगडातली गितारा (फादोचं बारा तारांचं वाद्य) कोरून ठेवली आहे, तीच खूण.

बाइरो आल्तोमधला 'ताश्का दु शिको' आणि त्याचीच आल्फामातली शाखा ही नावं सगळ्यांच्या तोंडी असतात. जागा इवलीशी, रांग बाहेर गल्लीत. आल्फामातल्या 'अ बायुका'मध्ये जेवताजेवता हौशी गाणारे उठून गातात. ही नावं सुरुवातीला बरी. पण खरी गंमत मोहल्ल्याच्या मंडळांत असते. 'कुलेतिव्हिदाद' म्हणतात त्यांना. खेळाचं साहित्य, चषकांचं कपाट, कोपऱ्यात बार, आणि आठवड्यातल्या एखाद्या दिवशी फादो. त्यांची जाहिरात म्हणजे दारावर हातानं लिहिलेला कागद. ते वार बदलत राहतात, म्हणून दुपारी फिरताना दारं वाचत चला. 'ओझ आ फादुश' असं काही दिसलं तर अर्थ 'आज फादो आहे'.

दारावर ओळखायचं कसं? सहा भाषांतलं फोटोवालं मेनूकार्ड हातात धरून कुणी 'फादो, फादो' हाकारत असेल तर पुढं चला. तीसच माणसं मावतील अशा खोलीत माइक आणि स्पीकर लावलेले असतील तर दुसऱ्यांदा विचार करा. त्या खोलीत आवाज माइकशिवाय सहज पोचतो, आणि त्याचंच तर सगळं अप्रूप. उलट दाराबाहेर दोन-तीन वयस्क मंडळी सिगारेट ओढत उभी आहेत, त्यातल्या एकीच्या खांद्यावर काळी शाल आहे, आतून कुणीतरी त्यांना नावानं हाक मारतंय, तर आत शिरा.

वेळ आणि जागा

ताश्कात फादो साधारण रात्री आठ-नऊला सुरू होतो आणि खरा रंगतो साडेदहानंतर, जेव्हा जेवायला आलेली पाहुणेमंडळी उठतात आणि शेजारचे येऊन टेकतात. लवकर जाऊन लवकर उठणाऱ्याच्या हाती नेमका फिका भाग लागतो. तरीही पोचायचं मात्र सुरू व्हायच्या तासभर आधी, नाहीतर उभं राहावं लागतं. शनिवार-रविवारी काही ठिकाणी दुपारी चारच्या सुमारासही गाणं असतं. वयस्कर आईवडील किंवा मुलं बरोबर असतील तर ती वेळ सगळ्यात सोयीची.

जून महिन्यात, विशेषतः 12 तारखेच्या रात्री, सांतो आंतोनियोचा उत्सव असतो. गल्लीगल्लीत सार्डिन भाजतात, लाउडस्पीकर लागतात. मजा खूप, पण शांत फादो ऐकायला ती रात्र धरू नका.

टेबलं लहान असतात आणि अनोळखी माणसांबरोबर वाटून घ्यावी लागतात. दोघांनी चौघांचं टेबल अडवलं की मालक दोन माणसं आणून बसवतो. त्यात अपमान नाही. वादकांच्या अगदी पुढ्यात बसायचा मोह टाळा. तिथून मध्येच उठता येत नाही, आणि गायक तुमच्या डोक्यावरून गातो. भिंतीला पाठ लावून, वादकांपासून तीन-चार मीटरवर, बाजूनं गितारावादकाचा उजवा हात दिसेल अशी जागा उत्तम. स्वच्छतागृहाच्या वाटेवरचं टेबल नको.

खाणं आणि बिल

बसल्याबसल्या टेबलावर पाव, लोणी, ऑलिव्ह, कधी चीज येतं. याला 'कुव्हेर' म्हणतात आणि ते फुकट नसतं. मात्र तुम्ही मागवलं नसेल आणि हात लावला नसेल तर पोर्तुगालच्या कायद्यानं त्याचे पैसे लावता येत नाहीत. नको असेल तर लगेच परत द्या. चिमूटभर पाव तोडला की संपलं. बिलात 'कुव्हेर आर्तिश्तिको' अशी वेगळी ओळ दिसली तर तो संगीताचा आकार. तो आधी लावलेल्या दरपत्रकात असला पाहिजे. काही ठिकाणी आकार नसतो, पण किमान खर्चाची अट असते, 'कोंसूमु मीनिमु'. बसण्याआधी एवढं एकच विचारलं तर रात्रभर डोक्याला ताप नाही.

मागवायला सोपं म्हणजे शोरीसु आसादो, भाजलेलं डुकराचं सॉसेज. मातीच्या, डुकराच्याच आकाराच्या थाळीत दारू ओतून ती टेबलावर पेटवतात. निळी ज्योत विझेपर्यंत सॉसेज फिरवत राहायचं. हे गाणं सुरू असताना करायचं नाही; चरचर आवाज होतो आणि मालकाची नजर वळते. कल्दो व्हेर्द हे हिरवं सूप हमखास असतं. त्यात 'बताता' आणि 'कोव्ह', बाजूला 'पांव्': बटाटा, कोबी, पाव हे आपले तिन्ही शब्द पोर्तुगिजांकडूनच आलेले, त्यामुळे ही वाटी मागवायला दुभाष्या लागत नाही. फक्त ही कोबी गड्डा न धरणारी, मोठ्या पानांची असते, आणि अगदी बारीक चिरतात. सूपमध्ये सॉसेजची चकती टाकायची रीत आहे. शाकाहारी असाल तर 'सें कार्न' म्हणा आणि रस्सा कशाचा तेही विचारा. बहुधा चालेल असं म्हणजे पैशिन्युश द ओर्ता: नावाचा अर्थ 'मळ्यातले छोटे मासे', पण प्रत्यक्षात फरसबीची भजी. सोबत चीज, ऑलिव्ह, आणि खारवलेले पिवळे दाणे, त्रेमोसुश. दाण्याचं साल चावून सोलायचं, टाकून द्यायचं.

प्यायला घरची लाल वाइन अर्ध्या लिटरच्या जगमध्ये मागवा. बियरचा छोटा ग्लास लिस्बनमध्ये 'इंपेरियाल' नावानं मिळतो. सगळं एकदम, मध्यंतरात मागवायचं. गाणं सुरू झालं की वाढपी जागच्या जागी थांबतो; हात वर करून बोलावलंत तरी येणार नाही. रोख पैसे जवळ ठेवा, लहान ताश्कांत परदेशी कार्ड चालेलच असं नाही.

दिवे मंद झाले की

मालक किंवा वादक म्हणतो, 'सिलेंस्यु, कि स व्हाय कांतार उ फादु.' शांतता, फादो गायला जातोय. दिवे मंद होतात, कित्येकदा दारही लावून घेतात. बाहेरच्यांना गाणं संपेपर्यंत आत येता येत नाही आणि आतल्यांनी बाहेर पडायचं नसतं. गल्लीतून जाणारी माणसंही दाराशी आली की आपोआप गप्प होतात.

ही शांतता म्हणजे शिष्टाचाराचा दिखावा समजू नका. खोलीत माइक नाही, गायक अर्ध्या आवाजात ओळ सोडतो, आणि शेवटचं अक्षर जवळजवळ श्वासावर टाकतो. काटा बशीवर आपटला तरी ते अक्षर गेलं. म्हणून काटा-सुरी खाली ठेवा, खुर्ची सरकवू नका, कुजबुजून भाषांतर सांगू नका. कुजबूज तर सगळ्यात वाईट, कारण तिच्यातले स-श स्वरापेक्षा जास्त टोचतात. कुणी बोललं तर शेजारून 'शिऊ!' असं येतं. ते तुम्हाला उद्देशून असेल तर हसून मान लववा, स्पष्टीकरण देत बसू नका.

आपल्याकडच्या बैठकीची सवय इथं थोडी आड येते. मांडीवर ताल धरणं नको. फादोत गायक ठोक्याच्या मागं रेंगाळतो, कधी पुढं जातो, ओळ ताणतो. ठोका सांभाळायचं काम व्हियोलाचं, म्हणजे साथीच्या गिटारचं. तुम्ही बोटानं धरलेला ताल तिसऱ्या ओळीला त्याच्या पायात येतो. मध्येच 'वा!' म्हणणंही पहिल्या रात्री टाळा. जाणकार दोन ओळींच्या मधल्या फटीत 'आ फादिश्ता!' म्हणतात, ती फट अर्ध्या सेकंदाची असते आणि सराव नसताना नेमकी चुकते.

काय ऐकायचं

दोन वाद्यं असतात. नाशपतीच्या आकाराची, बारा तारांची ती गितारा. तारा दोन-दोनच्या सहा जोड्यांत, लिस्बनची जुळणी बारीक तारेपासून जाड तारेकडे, पोर्तुगीज स्वरनावांत, सी, ला, मी, सी, ला, रे (म्हणजे B, A, E, B, A, D). डोक्यावर पंख्यासारखी पसरलेली खुंट्यांची पितळी यंत्रणा. वादक अंगठ्याला आणि तर्जनीला कृत्रिम नखं चिकटपट्टीनं बांधतो. सतारवाल्याच्या मिजराबेची आठवण येईल. दुसरं वाद्य व्हियोला. नावावरून फसू नका, ते व्हायोलिनचं भावंड नाही. आपण जिला गिटार म्हणतो तीच ही, पोलादी तारा लावलेली.

पहिल्या गाण्यात फक्त व्हियोलाचा खर्ज ऐका, ठोका तिथं आहे. दुसऱ्यात गिताराकडे वळा. ती आवाजाबरोबर चालत नाही. ओळ संपते तिथं उत्तर देते, ओळ सुरू झाली की बाजूला होते. हे उत्तर ठरवून बसवलेलं नसतं. गायक आज पहिल्यांदाच भेटलेला असला तरी वादकाला त्याचा श्वास कळतो, आणि एखाद्या रात्री नाही कळला तर तेही तुम्हाला ऐकू येतं: दोघं एकदम शिरतात, एकमेकांना अडखळतात, मग हसतात.

तिसऱ्या गाण्यात शब्दांकडे, अर्थ कळत नसला तरी. पारंपरिक फादोत चाल ठरलेली आणि शब्द मोकळे. जात्यावरची चाल एक आणि ओव्या शेकडो, तसंच. बरेचदा सात अक्षरांच्या चार ओळींचं कडवं असतं आणि दोन-दोन ओळी परत म्हटल्या जातात. परत म्हणताना गायक नेमकं काय बदलतो तिथं कान ठेवा: एक स्वर उशिरा, एक शब्द तोडून, एक वळण जास्त. याला 'इश्तिलार' म्हणतात आणि जाणकार गायकाला मोजतात ते यावरून. आल्फ्रेदो मार्सनैरु (1891–1982) यांचा आवाज मोठा नव्हता, पण चाली रचण्यात आणि शब्द टाकण्यात त्यांचं नाव आजही ताश्कात घेतात. पालुपद असलेली, ठरलेल्या शब्दांची गाणी वेगळी, त्यांना 'फादो-कांसांव्' म्हणतात. त्यात गायक हात उघडून खोलीकडे बघेल तेव्हा सगळे पालुपद म्हणतात. तेवढ्यापुरतं तुम्हीही म्हणा, शब्द येत नसतील तर गुणगुणा.

आवाज फाटेल, वरचा स्वर बसणार नाही. हौशी गाणं आहे. सत्तरीच्या माणसाचा तो फाटलेला स्वर ऐकायलाच शेजारी आलेले असतात, म्हणून चेहऱ्यावर नापसंती नको.

शेवट ओळखायची खूण: आवाज थांबल्यावर दोन ठाशीव आघात येतात, 'ढं-ढं'. नवख्यानं टाळी तिथं वाजवावी. नेहमीचे लोक शेवटची ओळ लांबवतानाच टाळ्या सुरू करतात. त्यांच्या मागोमाग गेलात तरी चालेल, पुढं जाऊ नका. कडव्यांच्या मध्ये थांबलेल्या जागी वाजलेली एकटी टाळी मात्र बराच वेळ लक्षात राहते. (कोइंब्रा शहराचा फादो वेगळा. तो विद्यापीठातल्या काळ्या झग्यांचा, पारंपरिक रीतीनं पुरुषांनी गायचा, आणि तिथं जुन्या रिवाजानं टाळी न वाजवता खाकरून दाद देतात. ताश्कात खाकराल तर लोक पाणी आणून देतील.)

मध्यंतरात

एक गायक साधारण तीन-चार गाणी म्हणतो, मग दिवे लागतात आणि पंधरा-वीस मिनिटांची सुट्टी. मागवणं, बिल, स्वच्छतागृह, फोन, बोलणं, सगळं या वेळात. चित्रीकरण करायचं असेल तर आधी विचारा, फ्लॅश कधीच नाही, आणि एका गाण्यानंतर फोन ठेवून द्या. अंधाऱ्या खोलीत पडद्याचा उजेड गायकाच्या मिटलेल्या डोळ्यांवरही पडतो. गायकाशी बोलायचं तर 'पारबेंइश', अभिनंदन, एवढा शब्द पुरे. काही ठिकाणी टोपी किंवा ताटली फिरते, काही ठिकाणी गायक आपल्या सीडी विकतो. वादक बहुधा मानधनावर असतात, गाणारे बहुधा नसतात, म्हणून ताटलीत दोन-पाच युरो टाकायला हात आखडू नये. टिप सक्तीची नाही. बिल पूर्णांकात करून उठणं रीतीला धरून आहे.

कामाला येतील अशी वाक्यं:

- 'आ फादु ओझ?' आज फादो आहे का?
- 'अ कि ओरश कुमेस?' किती वाजता सुरू होतो?
- 'आ कोंसूमु मीनिमु?' किमान खर्चाची अट आहे का?
- 'पॉसु फिल्मार?' चित्रीकरण करू का?
- 'अ कोंत, पुर फव्होर.' बिल द्या.
- आभार मानताना पुरुषानं 'ओब्रिगादु', बाईनं 'ओब्रिगाद'.

गायचं असेल तर

पहिल्या भेटीत नको. दुसऱ्या-तिसऱ्या वेळेला, मालक ओळखू लागल्यावर, मध्यंतरात आधी त्याला विचारा, मग वादकांना. क्रम तोच लावतो आणि नेहमीच्यांचा नंबर आधी. वादकाला दोन गोष्टी सांगायच्या: चालीचं नाव आणि पट्टी, उदाहरणार्थ 'फादो मेनोर, ला मध्ये'. पट्टी माहीत नसेल तर पहिली ओळ हळूच गुणगुणून दाखवा, तो शोधून देईल. उभं राहायचं ते वादकांच्या पुढं, त्यांच्याकडे पाठ करून. सुरुवातीचं वादन पूर्ण होऊ द्या. घाईनं शिरणं ही नवख्यांची ठरलेली चूक. शब्द विसरलात तर थांबू नका, आधीच्या दोन ओळी परत म्हणा. तशाही त्या परत म्हणायच्याच असतात. आणि दोन गाण्यांवर थांबा, तिसऱ्याचा आग्रह झाला तरच म्हणा.

परतताना

गाणं मध्यरात्रीपलीकडे जातं आणि मेट्रो रात्री एकला बंद होते, म्हणून साडेबाराच्या मध्यंतरात निर्णय घ्या: आता निघायचं की टॅक्सीनं जायचं. आल्फामाच्या आतल्या गल्ल्यांत गाडी येत नाही, ती मोठ्या रस्त्यावरच बोलवावी लागते. फरसबंदीचे गुळगुळीत दगड रात्रीच्या दवानं निसरडे होतात. चामडी तळव्यांचे बूट हॉटेलवर ठेवून यावेत. ट्राम 28 मध्ये आणि रांगेत खिसेकापूंची नजर पाठीवरच्या पिशवीवर असते, ती पुढं घ्या. आणि दाराबाहेर पडल्यावर लगेच गप्पा सुरू करू नका. वरच्या खिडकीत वाळत घातलेले कपडे दिसतील. त्यांच्या मागं माणसं झोपलेली असतात, आणि त्यांच्या तक्रारी वाढल्या की पहिल्यांदा बंद होतं ते खालचं गाणं.